सेवक आणि सभासद

आमच्या शेजारचे एक गृहस्थ पदरमोड करून पेठेंतील गटारें उपसवीत, तोंवर लोक त्यांस साधु म्हणत. ते नगरपालिकेच्या निवडणुकीस उभे राहतांच ‘अखेर खुर्चीच हवी होती!’ असें तेच लोक म्हणूं लागले. हा न्याय आम्हांस पटत नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८६८ सालीं घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांस खुला केला. पुढें १८७६ ते १८८२ ते पुण्याच्या नगरपालिकेचे सभासदही होते. हौद एकट्यास खुला करतां येतो. गांवच्या नळाचें पाणी कोणत्या वस्तीस मिळावें, हें सभागृहांतच ठरतें. तेथें फावडें चालत नाहीं, मत चालतें. आमचें मत या गृहस्थांसच मिळेल. पण पहिला नळ कोठें बसणार, हें विचारल्यावांचून नव्हे.