मेणबत्ती निवडताना

दिवाळी तोंडावर आली. बारामतीच्या बाजारात रंगीत, सुगंधी मेणबत्त्यांचे ढीग लागलेत. सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे घरात काय जळणार हे मला नीट माहीत हवं.

यातल्या बहुतेक पॅराफिनच्या, म्हणजे खनिज तेलातून निघालेल्या मेणाच्या. पण मेणापेक्षा मला धास्ती वाटते ती वासाची आणि वातीची. वेष्टनावर ‘नैसर्गिक’ छापलेलं असलं तरी आत कृत्रिम अत्तर असू शकतं. शिशाचा गाभा असलेल्या वातींवर अमेरिकेत २००३ पासून बंदी आहे. आपण निदान साधी सुती वात मागून घ्यावी.

मला मनापासून आवडतं ते मधमाशीचं मेण. इंदापूरकडे डाळिंब फुलावर आलं की काही बागायतदार परागीभवनासाठी बागेत मधपेट्या ठेवतात. मध काढताना पोळ्याच्या घरांवरची मेणाची झाकणं सुरीने खरवडतात. ती गरम पाण्यात वितळवून फडक्यातून गाळायची. पाणी निवलं की वर पिवळी वडी जमते आणि तिला मधाचा मंद वास असतो. हे मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यातही मेणबत्ती वाकत नाही. महाग पडतं, पण ढीगभर स्वस्त मेणबत्त्यांपेक्षा अशी एकच घ्यावी.

काजळी हिचीही धरते. ज्योत उंच होऊन फडफडू लागली की विझवून वात अर्धा-पाऊण सेंटिमीटर ठेवून कापायची, खिडकी उघडी ठेवायची. सासूबाईंच्या खोलीत मात्र कुठलीच मेणबत्ती नको; तिथे विजेची माळ लावणार आहे.