परवाना नको असल्याचा परवाना

अकोल्याचा माणूस मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या उन्हात, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, भर दुपारी वरातीपुढे नाचू शकतो. भाकरीवर ठेच्याचा गोळा घेऊन वरून आणखी एक हिरवी मिरची चावू शकतो. पण त्याच माणसाला खिडकीपलीकडून कुणी शांतपणे विचारलं, "कागद आणले का?", की त्याला दरदरून घाम फुटतो. हे मी खात्रीने सांगतो, कारण गेली वीस वर्षं बँकेच्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसून मी तो घाम पाहत आलो आहे. राहतो अमरावतीला, नोकरी अकोल्याला, रोजचं अपडाऊन. दोन्ही जिल्ह्यांत घामाची प्रत एकच.

तशी परवान्याशी आम्हा वऱ्हाडकरांची ओळख आजची नाही. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार आमच्या कारंजा लाडला १८८६ साली उघडला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा खास कायदाच झाला. दलालाला परवाना, मापाऱ्याला परवाना. हेतू असा की विलायतेतल्या गिरण्यांना चोख कापूस मिळावा. कापूस विलायतेला गेला, पुढे साहेबही गेला. परवाना इथेच राहिला.

दुकानाच्या परवान्याला आमच्याकडे 'गुमास्ता' म्हणतात. गुमास्ता म्हणजे खरं तर कारकून. दुसऱ्याच्या पेढीवर बसून दुसऱ्याचा हिशेब लिहिणारा. म्हणजे मी. १९४८ चा दुकाने आणि आस्थापना कायदा मुळात असल्या गुमास्त्यांसाठीच झाला होता. त्याला किती तास राबवावं, आठवड्याची सुटी कधी द्यावी, वगैरे. पण गुमास्ता बाजूला राहिला आणि कागदालाच त्याचं नाव पडलं. तो कागद चौकटीत घालून गल्ल्यामागे, गजानन महाराजांच्या तसबिरीशेजारी टांगायचा. ज्याच्या भिंतीवर गुमास्ता तो दुकानदार, बाकीचे नुसते विकणारे.

मग २०१७ साली राज्याने नवा कायदा आणला. दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी नको. धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत नुसती सूचना द्यायची, ऑनलाइन, आणि पावती घ्यायची. (२०२५ साली तर दहाचे वीस करायचं राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं.) केवढी ही क्रांती! सरकार आपण होऊन म्हणतं आहे, बाबा रे, तुला परवाना नको. अडचण एवढीच की ही आनंदवार्ता ज्यांच्या कानावर जायला हवी होती त्यांत घरमालक नव्हता, गॅसवाला नव्हता, आणि आमची बँक तर मुळीच नव्हती.

हे मला कळलं ते मेहुणीच्या सांबारवडीमुळे. पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी खुलासा करतो: सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. इडलीबरोबर मिळतो तो पदार्थ वेगळा, त्याचा आमच्याशी संबंध नाही. कोथिंबीर, खोबरं, खसखस आणि बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येईल इतपत तिखट. हे सगळं पारीत गुंडाळून तळलं की झाली सांबारवडी. ही वडी अनेकजणींना येते. पण मेहुणीची वडी खाल्ल्यावर माणूस आधी दोन मिनिटं बोलत नाही आणि मग दुसरी मागतो.

साडभाऊ अकोल्याच्या एका दालमिलमध्ये हिशेब लिहीत. २०२० च्या टाळेबंदीत ती नोकरी गेली. दोन वर्षं घर वड्यांच्या ऑर्डरींवर चाललं. २०२२ च्या दिवाळीला मेहुणीने हातातल्या पाटल्या गहाण टाकून जठारपेठेकडे एक गाळा घेतला. दुकान कुणाच्या नावावर, हा प्रश्न आला तेव्हा साडभाऊंनी सवयीने पेन काढलं. मेहुणी म्हणाली, "वडी माह्या हातची, पाटल्या माह्या हातच्या, अन् दुकान यायच्या नावानं? असं कसं चालन, भाऊजी?"

बी.कॉम.ला आम्हाला धंदा सुरू करण्याचे टप्पे होते. कल्पना, भांडवल, जागा, माल, विक्री. हा प्रश्न त्यांत नव्हता. मी म्हटलं, बरोबर आहे.

पहिलीच मोठी ऑर्डर एका महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची. ९२० वड्या, वीस रुपये नग. १८,४०० रुपयांचा चेक मिळाला, तारीख ४ नोव्हेंबर आणि नाव दुकानाचं. इथे खिडकीतला माणूस म्हणून मला घाम फुटला. दुकानाच्या नावाचा चेक मेहुणीच्या बचत खात्यात जमा होत नाही. त्याला दुकानाच्या नावाचं चालू खातं लागतं. आणि चेकला पूर्वी सहा महिन्यांचं आयुष्य असे, ते रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१२ पासून तीन महिन्यांवर आणलं आहे. म्हणजे फेब्रुवारीचा पहिला आठवडा उजाडला की चेक वारला. पाटल्यांचं व्याज मात्र चिरंजीव.

दुकानाची सूचना साडभाऊंनी एका बैठकीत दिली, पावती आली. ती घेऊन दोघं आमच्या शाखेत. आमच्या साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला.

"ही पावती आहे. लायसन कुठे?"

मी म्हटलं, "साहेब, लायसन २०१७ पासून लागत नाही."

"लागत नाही हे कशावरून?"

"कायद्यात आहे."

"कायदा आणलाय का?"

नियम असा की एकट्या मालकाच्या दुकानाचं खातं उघडायचं तर धंद्याचे दोन पुरावे हवेत. दोन मिळण्यासारखे नसतील आणि बँकेचं समाधान झालं तर एकावरही भागवता येतं, हे रिझर्व्ह बँकेनेच लिहून ठेवलं आहे. मी ते परिपत्रक काढून दाखवलं. साहेबांनी ते नीट वाचलं आणि म्हणाले, "समाधान झालं तर, असं लिहिलंय ना? माझं नाही झालं."

साहेब वाईट नव्हते. उद्या तपासणीला येणारा ऑडिटर कागद मागतो, अक्कल मागत नाही, हे त्यांना तीस वर्षांत कळलेलं. पण मेहुणी बाहेर आल्यावर म्हणाली, "भाऊजी, सरकार म्हणते लायसन नाही पायजे, तुमी म्हणता पायजे. अन् तुमच्या सायबाचं समाधान कायनं होते, थे एकडाव इचारून तं सांगा."

समाधानासाठी उद्यम नोंदणी काढायचं ठरलं. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे, फुकट आहे, कागद जोडावे लागत नाहीत. आधार आणि पॅनचे नुसते नंबर द्यायचे. पण सरकारी वाटाव्यात अशा खाजगी वेबसाइटीही बऱ्याच आहेत. साडभाऊंनी रात्री अकरा वाजता त्यांतल्या एकीला दीड हजार रुपये भरले आणि सकाळी मला अभिमानाने फोन केला, "भाऊ, फी भरून टाकली!" जे फुकट आहे त्याची फी भरून मोकळा झालेला माणूस इतका आनंदी असतो की त्याला खरं सांगवत नाही. मी दुपारी सांगितलं.

खऱ्या वेबसाइटवर गाडी अडली ती नावाशी. मेहुणीचं पॅन लग्नाआधीचं, ती शाळेत शिकवत असे तेव्हाचं. त्यावर माहेरचं नाव, माहेरचं आडनाव. आधार सासरचं. शिवाय लग्नात साडभाऊंनी तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहिलं होतं. त्याची नोंद तांदळात झाली, आयकर खात्यात राहून गेली. आता सरकारदरबारी दोन बायका होत्या. एक वड्या करणारी, दुसरी कर भरू शकणारी, आणि दोघींची एकमेकींशी ओळख नव्हती.

म्हणजे आधी पॅनवरचं नाव बदला. त्यासाठी, असं साडभाऊंना कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं, लग्नाचा दाखला लागतो. लग्न झालेलं २००४ साली, अमरावतीला. नोंदणी कुणी केलीय! तेव्हा अमरावती-अकोला वाऱ्या सुरू झाल्या. त्याच वर्षीच्या जूनमध्ये या महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घातला गेला आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. त्या विक्रमी रस्त्यावरून साडभाऊ सहा वेळा आले आणि सहा वेळा गेले. एकदा फोटो लहान पडला म्हणून, एकदा मोठा झाला म्हणून. रस्त्याचंही नाव २०१० साली बदललं, सहा नंबरचा महामार्ग त्रेपन्न नंबरचा झाला. पण रस्त्याला कुणी पॅन मागत नाही.

लग्नपत्रिका सासूबाईंनी शोधून काढली. ती अठरा वर्षं त्यांच्या ट्रंकेच्या तळाशी, शालूखाली अंथरलेली होती. कोपऱ्याला लावलेलं हळदकुंकू शाबूत होतं. तीन साक्षीदार लागतात. त्यांत मी एक. मी नवे कपडे घालून गेलो, कारण मूळ लग्नात माझा शर्ट पंक्तीत वरणाने माखला होता आणि तसाच फोटोत आला आहे. अमरावतीच्या त्या कार्यालयातल्या बाईंनी दोघांकडे चष्म्यावरून पाहत विचारलं, "इतकी वर्षं का थांबलात?"

साडभाऊ म्हणाले, "पटते का, पाहून राह्यलो होतो."

बाई हसल्या, आणि त्या दिवशी काम झालं. मला वाटतं, सरकारी कामात अर्जापेक्षा हे जास्त लागू पडतं. पण त्यासाठी रकाना नाही.

दाखला घेऊन पॅनच्या केंद्रात गेलो. तिथे भिंतीवर नाव बदलण्यासाठी चालणाऱ्या पुराव्यांची यादी होती. लिहिलं होतं: विवाहाचा दाखला किंवा लग्नपत्रिका. त्या 'किंवा'कडे आम्ही तिघं बराच वेळ पाहत उभे होतो. घरी आल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "म्या तं पत्रिका पयल्याच दिवशी काढून देल्ली होती."

मधल्या काळात बाकीचे कागद सुरूच होते. शेव किलोवर विकायची तर इलेक्ट्रॉनिक काट्याला दरसाल शिक्का. तो विनातक्रार मिळाला. साडभाऊंना पाटी इंग्रजीत हवी होती, जरा स्टँडर्ड दिसते म्हणून. पण मार्च २०२२ मध्ये लहान दुकानांनाही पाटीवर देवनागरी अक्षरं सक्तीची झाली होती, आणि तीही दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. दोन भाषांचा खर्च पाहून साडभाऊंचा मराठी बाणा जागा झाला. खाद्यपदार्थांची नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत होते, चौदा आकडी नंबर मिळतो. तिथे मात्र अर्ज शेरा मारून परत आला: 'सांबार हा द्रवपदार्थ असल्याने वडीचे स्वरूप स्पष्ट करावे.' शेरा लिहिणारे साहेब बहुधा बदलून आलेले असावेत. मेहुणीने खुलासा लिहिला, 'सांबार म्हणजे कोथिंबीर. कृपया खाऊन पहावे.' दुसरं वाक्य मी खोडायला लावलं.

नवं पॅन आलं तेव्हा जानेवारीची २७ तारीख होती. चेकच्या हातात आठवडा. रात्री दुकानातच उद्यमचा अर्ज भरायला बसलो. नंबर टाकले, आणि पडद्यावर आलं की ओटीपी पाठवला आहे. कुठे पाठवला? आधारला जोडलेल्या मोबाइलवर. तो मोबाइल कुठे? पुण्याला, हॉस्टेलवर, चिरंजीवांच्या खिशात. आईने जुना फोन त्याला देऊन टाकला होता. पहिला ओटीपी आला तेव्हा चिरंजीव जेवत होते. दुसरा आला तेव्हा त्यांनी तो वाचून दाखवला, पण पहिला. तिसऱ्या वेळी साडभाऊ फोनमध्ये इतक्या जोराने ओरडले की शेजारचा पानवाला सहा आकडे ऐकून गेला आणि त्यानेच ते आम्हाला पुन्हा सांगितले. बरोबर निघाले.

दहा मिनिटांत प्रमाणपत्र पडद्यावर. अडीच महिने ज्यासाठी गेले ते एवढंसं काम! मेहुणीने पदराला हात पुसले आणि वाकून वाचलं. मालकाच्या नावापुढे तिचं नाव होतं. आधारवरचं, पॅनवरचं, वडीवरचं, एकच. तिने ते दोनदा वाचलं. मग पुण्याला म्हणाली, "ठेव आता फोन. जेवण झालं का तुह्यं?"

३१ जानेवारीला खातं उघडलं. उद्यमचा एक कागद, खाद्यनोंदणीचा दुसरा. साहेबांचं समाधान झालं. सही करता करता ते म्हणाले, "आणि ती दुकानाची पावती आहे ना? तीही जोडून द्या. असू द्या फाइलला."

चेक वटला. पाटल्यांपैकी एक सुटली आहे, दुसरीचं व्याज भरणं चालू आहे. साडभाऊंनी सगळे कागद चौकटीत घालून गल्ल्यामागे ओळीने टांगले, महाराजांच्या तसबिरीच्या उजव्या हाताला. गेल्या शनिवारी मी वडी खात उभा असताना एका गिऱ्हाइकाने त्यांतल्या शेवटच्या चौकटीकडे बोट दाखवलं.

"ताई, हे कायचं लायसन?"

"थे व्हय?" कढईतून वर न पाहता मेहुणी म्हणाली. "लग्नाचा दाखला हाये. यायचा."

"दर साली नवा करा लागते का?"

"नाही. एकडाव झालं का झालं."