दंडाला गुण, डोक्याला अवगुण

तंजावर मुलखात पिढ्यान्‌पिढ्या रुजलेल्या मराठी कुटुंबांपैकी आमचं एक. घर कुंभकोणमजवळ पट्टीश्वरमला, दुर्गेच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. शुक्रवारी राहुकाळात लिंबाचे दिवे लावायला बायकांची एवढी गर्दी होते की गल्लीतून सायकल निघत नाही. अशाच एका शुक्रवारी भाचा ओसरीवर अडकून पडला आणि बराच वेळ चुळबुळ करून म्हणाला, "मामा, छातीत गाठ का येते?"

जन्मभर बायोकेमिस्ट्री शिकवलेल्या माणसाला दोन प्रश्न पुरले. पोरगा जिमला जातो; तिथे कुणीतरी टेस्टोस्टेरॉनच्या सुया टोचल्या. दंड भरले, पण कपाळावरचे केस मागे सरकले आणि स्तनाग्राखाली सुपारीएवढी गाठ आली.

"सुई एकच, मग दंडाला गुण आणि डोक्याला अवगुण कसा?"

प्रश्न खरोखर चांगला होता. हे संप्रेरक रक्तातून सगळीकडे सारखंच पोचतं, पण प्रत्येक ऊती त्याचं आपापल्या परीने काहीतरी करते. ५-अल्फा रिडक्टेज हे विकर स्नायूंत नगण्य, म्हणून तिथे टेस्टोस्टेरॉन मूळ रूपातच काम करतं. केसांच्या मुळांशी आणि प्रोस्टेटमध्ये हेच विकर त्याचं डीएचटी बनवतं, आणि डीएचटी त्याच रिसेप्टरला कितीतरी घट्ट धरून बसतं. चरबीत अ‍ॅरोमाटेज नावाचं तिसरंच प्रकरण. ते त्याचं चक्क एस्ट्राडायोल हे स्त्री-संप्रेरक करतं. गाठीचं मूळ तिथे. उलट डीएचटी स्नायूत गेलंच, तर तिथली विकरं त्याला लगेच निष्प्रभ करतात.

त्याला मी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या मुलांची हकीकत सांगितली. १९७४ साली प्रसिद्ध झालेली. जन्मतःच ५-अल्फा रिडक्टेज कमी. वयात येताना अंगपिंड पुरुषी झाला, स्नायू भरले, पण प्रोस्टेट लहानच राहिलं आणि टक्कल पडलं नाही. केसगळतीवरची फिनास्टराइडची गोळी पुढे याच धाग्यावरून आली.

"तीच घेतोय की मी! आणि आता सर नॅन्ड्रोलोन सुरू कर म्हणतात, त्याने केस जात नाहीत म्हणे."

मी कपाळाला हात लावला. नॅन्ड्रोलोन हे स्टिरॉइड केसांना त्यातल्या त्यात सौम्य, ते याच विकरामुळे. टाळूत त्याचं दुबळं रूप होतं. वर फिनास्टराइड घेतलं की ती वाट बंद, आणि मूळ जोरकस नॅन्ड्रोलोन केसांवर चालून जातं. टेस्टोस्टेरॉनला जो उपाय, तोच इथे अपाय. जिममधल्या 'सरां'ना हे कुठून ठाऊक असणार? तोंडाने घ्यायच्या स्टिरॉइड गोळ्यांचं आणखी वेगळं: यकृताने मोडू नयेत म्हणून त्यांतल्या बहुतेकींच्या रेणूला १७व्या कार्बनवर मिथाइल गट जोडलेला असतो, आणि त्याची किंमत यकृतच मोजतं.

भाच्याला डॉक्टरकडे नेलं, सुया बंद केल्या. सुयांनी दबलेलं शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन पूर्ववत व्हायला कित्येक महिने जातात. सुया घेणाऱ्या पोरांनो, स्तनाग्राखाली दुखरं लागलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवा. वर्षभर राहिलेली गाठ तंतुमय होते आणि मग बहुधा शस्त्रक्रियेनेच काढावी लागते.