नाव, गाव, साल

ईशान्य इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणी चालू होत्या, तेव्हा खाणीत नवरा गमावलेल्या बाईला पोट भरायचे फारसे मार्ग नव्हते. त्यातला एक होता क्विल्ट क्लब. हिशेब थेट आपल्या भिशीसारखा. आसपासची कुटुंबं दर आठवड्याला ठरलेली लहानशी रक्कम भरत आणि पाळीपाळीनं प्रत्येक घराला एक रजई मिळे. शिवणारी एकटी, फार तर हाताशी लेक. घरातली पुढची खोली त्या लांबलचक चौकटीनं भरून जाई आणि मुलं तिच्याखालून सरपटत ये-जा करत.

मी आता याच भागात, डरहॅममध्ये राहते आणि इथल्या क्विल्टर्स गिल्डची सभासद आहे. ‘क्विल्टर्स गिल्ड ऑफ द ब्रिटिश आइल्स’ ही संस्था 1979 साली सुरू झाली. तिचे देशभर विभाग आहेत आणि प्रत्येक विभागाचं काम सभासद स्वतःचा वेळ देऊन चालवतात. वर्षाची वर्गणी भरली की काय मिळतं, असं साताऱ्याहून फोनवर बहीण विचारते. तिमाही अंक येतो. विभागाच्या मेळाव्यांना जाता येतं. जुन्या रजयांचा अभ्यास करणारे, आधुनिक काम करणारे, तळहाताएवढ्या लघु-रजया करणारे, अशा वेगवेगळ्या गटांत सामील होता येतं. लहान मुलांसाठी वेगळा विभाग आहे. ही यादी खरी आहे, पण तिच्यावरून बहिणीला काहीच कळत नाही. कळायचं तर मेळाव्याच्या दिवशी सभागृहात यायला हवं.

सकाळी भाषण, मध्ये डबे, बाजूला कापडवाल्यांची टेबलं. एका कोपऱ्यात सभासदांनीच आणलेलं जास्तीचं कापड स्वस्तात विकायला असतं आणि त्याचे पैसे विभागाच्या खात्यात जातात. दुसरीकडे प्रोजेक्ट लायनससाठी शिवलेल्या रजयांचा ढीग चढत असतो. त्या आजारी किंवा संकटात सापडलेल्या मुलांना दिल्या जातात, आणि दिल्यावर परत मागितल्या जात नाहीत. दुपारी ज्यांनी काम आणलं आहे त्या एकेक करून पुढे येतात. दोघी जणी दोन टोकं धरून रजई उंच करतात. आधी पुढची बाजू, मग मागची. टाक्यांची खरी परीक्षा मागेच होते. ऐंशी ओलांडलेली बाई जवळ येते, चष्मा कपाळावर सरकवते आणि तुमच्या कडेवरून बोट फिरवते. कौतुक करते, पण कोपऱ्याशी दोरा ओढला गेलाय हेही सांगते. मला गिल्डमधून मिळालेल्या गोष्टींत हे बोट सगळ्यात मोलाचं आहे. घरी एकटं शिवताना ते मिळत नाही आणि व्हिडिओ पाहूनही मिळत नाही.

टाका मात्र मी घरूनच घेऊन आले होते. डरहॅमची जुनी रजई बहुतेकदा एकाच रंगाच्या कापडाची, नाहीतर दोन रंगांच्या उभ्या पट्ट्यांची. मध्ये कापूस किंवा लोकर, आणि सगळा डौल धावदोऱ्यानं काढलेल्या नक्षीचा: पिसं, दोरखंडाचे पीळ, गुलाब. आईची गोधडीही धावदोऱ्याचीच. फरक बसण्यात आहे. गोधडी जमिनीवर अंथरतात, शिवणारी तिच्यावरच बसते आणि तिच्या वजनानं थर जागचे हलत नाहीत. कडेपासून आत, चौकोनात चौकोन, ओळीला लागून ओळ. इथं ते काम चौकट करते. वरच्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान, खालच्या हाताचं एक बोट सुईचं टोक चाचपत असतं. टोक लागलं की सुई वर वळवायची, पुन्हा खाली, असे तीन-चार टाके सुईवर गोळा झाले की दोरा ओढायचा. सुरुवातीला माझं खालचं बोट सोललं. मग तिथं घट्टा आला आणि टाका बारीक झाला. नऊवारीच्या जुन्या, मऊ थरांत सुई जशी सरसर जाते तशी नव्या कापडात जात नाही, हेही त्या बोटालाच आधी समजलं.

इथल्या एमी एम्स यांनी ही डरहॅमची पद्धत आयुष्यभर केली आणि शिकवली. त्यांना 1984 साली एमबीई हा सन्मान मिळाला आणि 1990 साली त्यांचं पुस्तक आलं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या बायकांनी पुढे इतरांना शिकवलं. आमच्या भागात आजही कुणी पिसाचा आराखडा काढताना त्यांचं नाव घेतं. शिवणारीचं नाव असं टिकतं, पण ते आपोआप टिकत नाही. त्यासाठी कुणीतरी लिहून ठेवावं लागतं, आणि गिल्डनं केलेलं सर्वांत मोठं काम हेच आहे असं मला वाटतं.

1990 ते 1993 या काळात गिल्डनं देशभर ठिकठिकाणी नोंदणीचे दिवस भरवले. लोकांनी घरातल्या जुन्या रजया पोतडीत घालून आणायच्या. सभासद त्या टेबलावर पसरणार, मोजणार, फोटो काढणार, आणि विचारणार: कुणी शिवली, कुठं, कधी, कशासाठी. हजारो रजयांची नोंद झाली आणि 1995 साली त्यावर पुस्तक निघालं. ज्यांच्या पलंगावर, माळ्यावर, कधी कुत्र्याच्या टोपलीत ती वस्तू पडली होती, त्यांना ती जपण्याजोगी आहे हे त्या दिवशी उमगलं.

गिल्डच्या स्वतःच्या संग्रहात एक रेशमी ठिगळकामाची चादर आहे. प्रत्येक ठिगळ कागदावर दुमडून शिवलेलं, आणि ते कागद अजून आत आहेत. तिच्यावर दोन आद्याक्षरं आणि 1718 हे साल शिवलेलं आहे. साल लिहिलेलं असं ब्रिटनमधलं याहून जुनं ठिगळकाम माहीत नाही. चार आकडे शिवायला कितीसा वेळ लागला असेल? पण त्या चार आकड्यांमुळे तीनशे वर्षांपूर्वीचं रेशीम, त्याचे रंग, ती कापण्याची रीत, सगळ्याला काळाचा पत्ता मिळाला.

म्हणून गिल्डमधल्या बायका नव्या सभासदाला एक गोष्ट बजावून सांगतात: रजईच्या मागे कापडाची चिठ्ठी शिवायची. नाव, गाव, साल. भेट असेल तर कुणासाठी तेही. चिठ्ठी शिवल्याशिवाय काम पुरं झालं असं मी आता मानत नाही.

आपल्या गोधड्यांवर नाव नसतं. त्या आजी, मावशी, आत्या यांच्या म्हणून घरात माहीत असतात, आणि दोन पिढ्यांनी माहीत असणारेच उरत नाहीत. शिवाय गोधडी वापरून विरायचीच असते. विरली की तिच्यावर नवं लुगडं चढवून पुन्हा शिवायची, त्यामुळे एकाच गोधडीच्या पोटात तीन बायकांचं काम असू शकतं. वापर थांबवून त्या काचेच्या कपाटात ठेवा, असं मी म्हणणार नाही. बाळाचं दुपटं बाळाच्याच अंगाखाली हवं. पण फोटो काढून, माप घेऊन, विचारून लिहून ठेवायला त्यांना पांघरूण म्हणून निवृत्त करावं लागत नाही.

म्हणून गिल्डसारखा नोंदणीचा एक दिवस बहिणीच्या गावी भरवायचा आमचा विचार आहे. त्याला लागतं तरी काय? मोठं टेबल किंवा स्वच्छ सतरंजी, मोजपट्टी, फोन आणि वही. गिल्डच्या नोंदणीच्या तक्त्यात मी आपल्याकडचे रकाने घातलेत. वरचं कापड कोणतं, इरकल, पातळ की धोतर. आत किती थर. ओळी बाहेरून आत की सरळ. दोरा विकतचा की जुन्या लुगड्यातून उसवलेला. कुणाच्या लग्नात, बाळंतपणात दिली. पुन्हा कितीदा शिवली. शिवणारी हयात असेल तर तिचं पूर्ण नाव, माहेरच्या नावासकट, कारण टाका बहुधा माहेरीच शिकलेला असतो. बहिणीनं गावातल्या बचत गटाशी बोलणं केलंय, शाळेचा वर्ग रविवारी मिळेल. दिवस थंडीतला ठरवू, कारण गोधड्या पेटीतून बाहेर निघतात त्या तेव्हाच.