पोटोबाच्या भिंतीवर

कॅफेच्या भिंतीवर टांगलेल्या चित्राकडे कोणी पाहतच नसेल, तर ते तिथे असून उपयोग काय? प्रश्न साधा दिसतो, पण सुटत नाही. हैदराबादच्या तारनाक्यासारख्या वस्तीतल्या कॅफेत रविवारी संध्याकाळी कोण येतं? उस्मानिया विद्यापीठाची मुलं, रेल्वेत नोकरी करणाऱ्यांची कुटुंबं, आसपासच्या प्रयोगशाळांतली माणसं, नातवंडांना घेऊन आलेले आजी-आजोबा. भिंतीवर इथल्याच चित्रकारांची कामं असतात: चेरियाल पद्धतीचे मुखवटे, ठसठशीत कुंकवाच्या तेलंगणी बायका, चारमिनारचे जलरंग. शेजारी छोट्या चिठ्ठीवर नाव आणि किंमत. निम्म्या लोकांची चित्राकडे पाठ, उरलेल्यांचं लक्ष समोरच्या बशीत किंवा मुलाने सांडलेल्या पाण्यात. चित्रावर प्रेम करणाऱ्या कुणालाही हे खुपेल. चित्रासमोर थांबावं, गप्प व्हावं, निदान त्याच्याकडे पाहावं, असं आपण मानत आलो आहोत. मला मात्र वाटतं, की अर्धवट नजरेने पाहिलं जाणं हेसुद्धा चित्राचं एक खरं आयुष्य आहे, आणि जेवणाच्या टेबलाशेजारी ते जितकं नीट जगता येतं, तितकं दुसरीकडे क्वचितच.

आधी पोटोबा, मग विठोबा, असं आपल्याकडे म्हणतात. म्हण इतकी वापरातली, की तिच्यातला क्रम कुणी तपासत नाही. तपासला तर तो टिकत नाही. मराठी घरात नैवेद्य आधी देवाला दाखवतात, मग पानं वाढतात. वारकरी एकादशीला उपास करतो आणि द्वादशीला सोडतो. म्हणजे विठोबा आधी, पोटोबा मग. आणि पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो, तेव्हा तर कोण आधी आणि कोण मग हेच उरत नाही. दही-लाह्यांचा तो घास हीच भक्ती आणि तेच जेवण. मग म्हणीतला ‘मग’ आला कुठून? भुकेल्या माणसाने स्वतःला दिलेली ती सवलत असावी, एवढंच म्हणता येतं. पण ती सवलत घेऊन माणूस जेवायला बसला, तेव्हा विठोबा होता कुठे? मराठी खाणावळीत तो बहुतेक वेळा समोरच्या भिंतीवर होता, कॅलेंडरवर. रविवर्म्याचा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला आणि देवांची रंगीत चित्रं ज्यांच्या घरी कधी चित्र नव्हतं त्यांच्याकडे पोहोचली. पुढे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या चित्रकारांची कॅलेंडरं घराघरांत आणि दुकानांतून गेली. त्या चित्रांसमोर जेवणारा माणूस ती ‘पाहत’ नव्हता. भात कालवताना डोळे वर जायचे, तेवढंच. पण वर्षानुवर्षं तेवढंच झाल्यावर देव म्हटलं की कित्येकांच्या मनात मुळगावकरांनी रंगवलेला चेहरा येऊ लागला. दालनात एका चित्रासमोर माणूस फार तर मिनिटभर उभा राहतो. खाणावळीतलं चित्र त्याच्या जेवणाला पुन्हा पुन्हा हजर असतं. या दुसऱ्या पाहण्याला आपण पाहणं म्हणत नाही, पण त्याचा ठसा पहिल्यापेक्षा खोल गेलेला दिसतो.

तारनाक्यात हा मुद्दा आणखी धारदार होतो. इथे पोटोबाची चौकशी करणारी देशातली मोठी संस्थाच आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेचं काम 1918 साली कुन्नूरला सुरू झालं आणि 1958 मध्ये ती हैदराबादला आली. ‘सीसीएमबी’ची पेशी-रेणूंची प्रयोगशाळा शेजारी हब्सीगुड्याला, विद्यापीठ पलीकडे. म्हणजे वस्ती शिकलेल्यांची, पण चित्रांची दालनं जवळ नाहीत. सालारजंग संग्रहालय मुसीकाठी; नव्या चित्रांची दालनं पश्चिमेला, बंजारा हिल्स, जुबिली हिल्स आणि माधापूरकडे. कुणी म्हणेल, 2017 पासून मेट्रो आहे आणि तारनाका व माधापूर तर एकाच निळ्या मार्गावर आहेत. ज्याला चित्रं पाहायची, तो जाईल. ज्याला पाहायची तो जाईलच. पण ज्याला आपल्याला चित्रं आवडतात हेच अजून माहीत नाही, त्याचं काय? चार वर्षांच्या मुलाला घेऊन चित्रदालन गाठण्यासाठी कुणी शहर ओलांडत नाही. डोसा खायला मात्र ते मूल दर आठवड्याला त्याच भिंतीसमोर बसतं.

याविरुद्ध जे बोललं जातं त्यातलं सगळं झटकून टाकता येत नाही. वाफेने आणि तेलाने चित्र खराब होतं, हे खरं; काच आणि जागेची निवड यांनी ते बरंच टळतं. कॉफीची किंमत हेच इथलं प्रवेशमूल्य ठरतं, हेही खरं. बंजारा हिल्समधल्या ‘लमाकान’ या सांस्कृतिक केंद्राने 2010 पासून स्वस्त चहा-समोसा ठेवून त्यावर एक उत्तर दिलं आहे, पण प्रत्येक कॅफेचं भाडं ते उत्तर पेलेल असं नाही. सर्वांत जड आक्षेप चित्रकाराच्या पैशाचा आहे. कॅफेला फुकट सजावट मिळते, चित्रकाराला ‘लोक बघतील’ एवढं आश्वासन; आणि मी तर वर म्हणतो आहे की लोक बघतही नाहीत. मुंबईत कुलाब्याच्या ‘मोंडेगार’ कॅफेत व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी भिंती रंगवल्या, तेव्हा भिंत आणि चित्र एकच झालं. ते काम त्या जागेसाठीच होतं. तिथल्याच जहांगीर कलादालनातलं ‘समोवार’ हे उपाहारगृह 1964 ते 2015 चाललं. तिथे दालन आधीपासून होतं आणि जेवण त्याच्या आश्रयाला आलं होतं. वस्तीतल्या कॅफेत यातलं काहीच नसतं. तिथे मालकाने चित्रकाराला भिंतीसाठी ठरावीक रक्कम द्यावी, चित्र विकलं गेलं नाही तरी. अर्धवट पाहिलं जाणं हे जर खरं काम असेल, तर त्याची मजुरीही खरी असली पाहिजे.

इथवर मला खात्री होती. पण पोटोबा-विठोबाची म्हण पंढरपूरला नेते आणि पंढरपूर मकबूल फिदा हुसेनांकडे. 1915 साली तिथे जन्मलेल्या या चित्रकाराला चहाच्या हॉटेलांचं वेड होतं. अहमदाबादच्या ‘लकी’मध्ये, जिथे कबरींच्या मधून टेबलं मांडली आहेत, त्यांनी भेट दिलेलं चित्र भिंतीवर लावलेलं आहे, आणि त्याखाली लोक मस्का-बन खातात. हैदराबादशी त्यांचं नातं याहून खोल. ‘कल्पना’ मासिक चालवणारे बद्रीविशाल पित्ती त्यांचे इथले पाठीराखे. समाजवादी नेते राममनोहर लोहियांनी हुसेनांना सुचवलं, की टाटा-बिर्लांच्या दिवाणखान्यांतून बाहेर पडा, रामायण रंगवा. त्यांनी इथे राहून आठेक वर्षांत दीडशेच्या आसपास चित्रं केली. ती बैलगाडीतून आसपासच्या खेड्यांत नेऊन मांडली आणि लोकांनी ती विनातक्रार पाहिली, असं हुसेन सांगत. पाहायला निघालेल्यांची वाट न बघता चित्र स्वतःच लोकांकडे गेलं, याचं याहून मोठं उदाहरण मला सापडत नाही. मग त्या रामायणातलं एखादं चित्र आज तारनाक्याच्या कॅफेत, आजी, नातू आणि फिल्टर कॉफी यांच्या शेजारी लावता येईल का?

बहुधा नाही. देवतांच्या चित्रांवरून उठलेल्या वादात हुसेनांना 2006 मध्ये देश सोडावा लागला आणि 2011 मध्ये लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. मालक म्हणेल, इथे कुटुंबं येतात. त्याला भित्रा म्हणणं मला जमत नाही. भाडं त्याला भरायचं आहे, पोरं त्याच्याकडे कामाला आहेत, आणि काच फुटली तर ती त्याची. पण ‘कुटुंबं येतात’ हेच कारण चित्रांची निवड करू लागलं, की भिंतीवर चारमिनार, कमळं आणि मुखवटे उरतात. जुन्या इराणी हॉटेलांत कुटुंबांसाठी लाकडी आडोसा असायचा; बाकीचं हॉटेल आपल्या परीने मोकळं राहायचं. आता आडोसा गेला, हे चांगलंच झालं, बायका-मुलं मधल्या टेबलावर आली. पण त्यांच्या नावाने घातलेली मर्यादा आता सगळ्या भिंतींना लागू झाली आहे, आणि ती त्यांनी मागितली होती का, हे कुणी त्यांना विचारलेलं नाही. अर्धवट नजरेने पाहिलेली चित्रं खोल उतरतात, हे माझंच म्हणणं. ते खरं असेल, तर निवडून ठेवलेली निरुपद्रवी चित्रंही तितकीच खोल उतरत असणार. मुळगावकरांच्या गोऱ्या, गुळगुळीत देवांनी पिढ्यांच्या मनातला देव घडवला, हे मी मघाशी कौतुकाने लिहिलं. आता तेच वाक्य मला अडतं आहे. त्या मनांत दुसरा एखादा चेहरा मावू शकला असता का, आणि तो कुणी मावू दिला नाही, हे मला ठरवता येत नाही.