बांध न मानणारे विष

वकिलीत आम्हांस सर्वांत अधिक भेटलेला वाद म्हणजे बांधाचा. शेजाऱ्याने बांध कोरला, हातभर जमीन गिळली, एवढ्यासाठी दोन दोन पिढ्या कोर्टाची पायरी झिजवितात. अखेर मोजणी होते, दगड रोवला जातो आणि वाद मिटतो. निदान कागदावर तरी मिटतो. परंतु जे आक्रमण दगड मानीतच नाही, त्याची मोजणी कोणी करावी?

तणनाशकाचे आक्रमण या जातीचे आहे. २,४-डी आणि डायकांबा ही द्रव्ये वनस्पतीच्या ऑक्झिन नामक वाढीच्या संप्रेरकाचे सोंग घेतात. रोप त्यांस आपले समजून आत घेते. मग वाढ बेताल होते, देठ पिळवटतात, पाने वाटीसारखी वळतात. ऊस-गव्हासारखी गवताच्या कुळातील पिके तग धरतात, रुंद पानांचे तण मरते. पण कापूस, द्राक्ष, सोयाबीन हीही रुंद पानांचीच! २,४-डीचा लेशमात्र स्पर्श झाला, तरी कापसाचे पान भेंडीच्या पानासारखे चिरलेले येते. डायकांबा तर फवारल्यानंतरही उष्म्याने वाफ होऊन वाऱ्यावर निघतो.

अमेरिकेतील मिसूरी राज्यात एका बागाईतदाराची पीचची झाडे अशीच खराबली. फवारा त्याचा नव्हे, आसपासच्या शेतांचा. डायकांबा सोसणारे बियाणे विकणाऱ्या कंपनीचे म्हणणे, झाडे जमिनीतील बुरशीने गेली. फेब्रुवारी २०२० मध्ये ज्यूरीने दीड कोटी डॉलर भरपाई आणि पंचवीस कोटी डॉलर दंड ठरविला. त्याच वर्षी न्यायाधीशांनी दंड सहा कोटींवर आणला. २०२२ मध्ये अपील न्यायालयाने भरपाई कायम ठेवून दंडाचा प्रश्न पुन्हा चालविण्यास सांगितले.

कायद्याची चाल अशी असते. पानावरची खूण दिसू लागेतो कित्येक दिवस लोटतात. तोवर वारा फिरलेला असतो, आणि वारा काही साक्षीस येत नाही. रोग, पाणी, खत, हवा यांवर बोट दाखविणे प्रतिवादीस सोपे जाते. वादी जिंकला, तरी गेलेला हंगाम कोणताही हुकूमनामा परत देत नाही.

म्हणून आमच्या मते याचा खरा निवाडा कोर्टात नव्हे, बांधावरच व्हावा. फवारणीपूर्वी वाऱ्याचा रोख पाहावा, शेजारी काय पेरले आहे ते विचारावे, त्यास आगाऊ सांगावे. यास खर्च लागत नाही, वकील तर मुळीच लागत नाही. आमच्या व्यवसायाची त्यात हानी असेल. ती आम्ही आनंदाने सोसू.