जॅक्सनच्या वेळचें पिस्तूल

नाशकांत जुन्या वस्तूचें वय ठरविण्याची रीत मोठी सोपी आहे. कुंड असेल तर तें रामाच्या वेळचें, वाडा असेल तर पेशव्यांच्या वेळचा, आणि पिस्तूल असेल तर जॅक्सनच्या वेळचें. मधल्या काळांत येथें कांहीं घडलेंच नाहीं अशी आमच्या ग्रामस्थांची समजूत दिसते. आजोबांपासून आमच्या अविवाहित काकांकडे व काकांच्या पश्चात् आमच्या वांट्यास आलेल्या शस्त्राचें वयही याच रीतीनें ठरून गेलेलें होतें. "अरे, तें त्या वीसांतलें एक," असें आमच्या आत्याबाई सांगतात, आणि त्यांच्यापुढें शंका काढण्याची घरांत कोणाची छाती नाहीं.

हीं वीस म्हणजे १९०९ सालीं सावरकरांनीं लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर धाडलेलीं ब्राउनिंग पिस्तुलें. त्याच वर्षीं २१ डिसेंबरच्या रात्रीं विजयानंद नाटकगृहांत, 'शारदा' नाटकाच्या प्रसंगीं, अनंत कान्हेरे या अठरा वर्षांच्या मुलानें ब्राउनिंग झाडून कलेक्टर जॅक्सन यांस ठार केलें. आणि १९ एप्रिल १९१० रोजीं कान्हेरे, कर्वे व देशपांडे हे तिघे ठाण्याच्या तुरुंगांत फांशीं गेले. ज्या गांवांत असें घडलें तेथें जुन्या ट्रंकांतून एकविसावें, बाविसावें पिस्तूल निघत राहावें यांत नवल नाहीं.

परंतु लोखंड आत्याबाईंना भीत नाहीं. मराठी घरांत हातांत मावेल त्या प्रत्येक बंदुकीस 'पिस्तूल' हा एकच शब्द, आणि सारा घोटाळा तेथूनच सुरू होतो. ब्राउनिंग हें बेल्जममधील हेर्स्टालच्या कारखान्याचें चपटें हत्यार. त्याचीं काडतुसें मुठींत एकावर एक रचलेलीं असतात. आमच्या हत्यारास फिरतें चक्र आहे व त्यांत सहा घरें आहेत. म्हणजे तें रिव्हॉल्व्हर आहे. काकांच्या पश्चात् नियमाप्रमाणें तें परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केलेलें असल्यानें त्यांच्याच दुकानांत, खिडकीशीं, भिंग घेऊन आम्हीं तें पाहिलें. नळीवर 'वेब्ली अँड स्कॉट लिमिटेड' असें नांव. या कंपनीनें हें नांव १९०६ मध्यें घेतलें. तेवढ्यावरून १९०९ चा दावा खोडला जात नाहीं. पण बर्मिंगहॅमला १८१३ पासून पार्लमेंटच्या कायद्यानें स्थापिलेलें एक परीक्षागृह आहे. तेथें जादा दारूचा बार भरून नळीची कसोटी घेतात आणि ती उतरल्यावर शिक्का मारतात. १९२१ पासून त्या शिक्क्याजवळ वर्षाचें एक अक्षरही येऊं लागलें. आमच्या शिक्क्यांत दसऱ्याच्या शस्त्रपूजेचें कुंकू इतकें बसलें होतें कीं, तें अक्षर उगाळलेल्या चंदनासारखें दिसे. मऊ कापडानें तेलाचा हात फिरविल्यावर इंग्रजी 'डी' उमटला. म्हणजे १९२४ चा उत्तरार्ध किंवा १९२५ चा पूर्वार्ध. कान्हेरे यांस जाऊन तोंवर चौदा वर्षें लोटलीं होतीं.

याहून बोलका साक्षीदार त्याच ट्रंकेंत निघाला: १९२६ चा परवाना. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याखालीं हिंदी माणसास रिव्हॉल्व्हर बाळगूं देणें ही सरकारच्या विश्वासाची खूण असे. त्या कागदावर जिल्हा मॅजिस्ट्रेटचा शिक्का आहे; म्हणजे जॅक्सन ज्या अधिकारपदावर होते त्याच पदाचा. आमचे आजोबा वकील होते. त्यांनीं कोणाचें वाईट केल्याचें आम्हीं ऐकलेलें नाहीं. पण सरकारास त्यांचें भय वाटत नव्हतें एवढें हा शिक्का निःसंशय सांगतो.

आतां किंमत. अमेरिकेंत असलें हत्यार कांहींशें डॉलरांना सहज मिळतें, आणि तेथील जाणता माणूस मूळची निळी झळाळी शाबूत आहे कीं नाहीं हें प्रथम पाहतो. आमची झळाळी काकांनीं दर दसऱ्यास रांगोळीनें घांसून घालविली! इकडे विसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत खासगी आयात बंद झाल्यापासून बत्तीस बोअरचें विलायती रिव्हॉल्व्हर लाखांत जातें. तें वयामुळें नव्हे, दुर्मिळतेमुळें. पुराणवस्तूंच्या १९७२ च्या कायद्याची शंभर वर्षांची मर्यादा त्यानें नुकतीच गांठली खरी. तथापि १९५९ चा शस्त्र-कायदा पिकल्या केसांना मान देत नाहीं. दुरुस्तीनेंही उडूं शकणार नाहीं अशाच जुन्या हत्यारास परवान्यांतून सूट आहे. आमचें अजून उडूं शकतें.

आमच्या चुलतबंधूंचें म्हणणें असें कीं, अक्षराचा गवगवा करूं नये. 'जॅक्सनच्या वेळचें' एवढें सांगितलें तर घेणारा दुप्पट देईल, आणि एखाद्या संग्रहालयास दिलें तर खालच्या पाटीवर आजोबांचें नांव येईल. पैशाचा मोह आम्हांस समजतो. पाटीचा मोह त्याहून वाईट वाटतो. कारण ज्या तीन घरांतून मुलें खरोखर गेलीं, त्यांच्या शेजारीं आम्ही एका कुंकवाच्या पुटाच्या बळावर जाऊन बसणार. आम्हांस तें रिव्हॉल्व्हर आहे तसेंच, परवान्याच्या कागदासह, घरांत हवें आहे. आजोबा कसे जगले हें सांगणारी दुसरी वस्तु आमच्याजवळ नाहीं.

वारसाहक्काच्या अर्जाला जोडलेल्या वर्णनांत आम्हीं बनावटीचें वर्ष १९२४-२५ असें लिहिलें आहे. बंधूंनीं कुरकुरत ना-हरकतीवर सही केली. आत्याबाईंची सही अद्याप व्हावयाची आहे. त्यांचें वय नव्वदीपुढें गेलें असलें तरी कोणताही कागद वाचल्यावांचून त्या सही करीत नाहींत.